दोन सवती आणि एक गोणपाट

वाघ हिंस्र असतो, असा शोध तीन शिकलेल्या माणसांनी दोन बैठका घेऊन लावला. बैठकीला बिस्किटं होती, टाइप केलेले कागद होते, आणि समोर आमचे हे उभे होते, कारण चौथी खुर्ची कुणी आणलीच नव्हती. मला विचारलं असतं तर मी दारातूनच सांगितलं असतं, की बाबांनो, वाघ हिंस्र नसेल तर काय शाळेत शिकवायला ठेवणार आहात त्याला? पण मला कोण विचारतंय!

आमचे हे प्राणिसंग्रहालयात वाघांच्या पिंजऱ्यावर कामाला. सव्वीस वर्षं झाली, तीन राहिली. लोकांना वाटतं, केवढं शौर्य. शौर्य कसलं डोंबलाचं! सकाळी सहाला जायचं, वाघिणींना आतल्या खोलीत घ्यायचं, सरकतं दार पाडायचं, ते दोनदा ओढून बघायचं, मग बाहेरची घाण उपसायची, पाण्याचा हौद घासायचा, आणि आठ-आठ किलो मांस हाडांसकट वजन करून द्यायचं. आठवड्यातून एक दिवस वाघिणींना उपाशी ठेवतात, पोटाला आराम म्हणून. त्या दिवशी ह्यांनाही घास गिळवत नाही. मी एकदा तापाने दोन दिवस जेवले नव्हते, ते ह्यांना तिसऱ्या दिवशी कळलं.

कामावर सगळे ह्यांना मुका म्हणतात. बरोबरच आहे. घरी दिवसाला वीस शब्द बोलतील, त्यातले सहा चहासाठी. आणि तिकडे वाघिणींपाशी तोंडाचा पट्टा चालू! मला कुणीतरी सांगितलं तेव्हा विश्वास बसेना. म्हटलं, माणूस बदलून तर आला नाही ना?

वाघिणी दोन, सख्ख्या बहिणी, एकाच वेताच्या. एक थोरली, एक धाकटी. अकरा वर्षं एकाच फळीवर अंगाला अंग लावून झोपायच्या. मी त्यांना माझ्या सवती म्हणायचे. "काय म्हणतायत सवती?" असं मी ताट वाढताना विचारायचे आणि हे अगदी गंभीरपणे सांगायचे, "थोरलीने आज जाळीला मान घासली." अहो, माझी मान गेली दोन वर्षं धरलीये, तिचं काय?

आणि त्या सवतींचा वास! तो शर्टाला यायचा, पिशवीला यायचा, डब्याच्या झाकणालासुद्धा यायचा. ह्यांचे कपडे मी वेगळ्या बादलीत भिजवते, दोनदा खळबळते आणि वरून सुवासिक पावडर टाकते. आमच्या इमारतीत माझ्या धुण्याचं नाव आहे, उगाच नाही. ह्यांना स्वतःला तो वास येतच नाही. सव्वीस वर्षांत नाक पार मेलंय.

तर झालं असं, की धाकटीची दाढ किडली. तिला मागच्या दवाखान्यात हलवलं, भूल दिली, दाढ काढली. साधं काम. पण हे त्या दिवसापासून जेवेनात. मी म्हटलं, दाढ तिची काढली आणि तोंड तुमचं का बंद? तेव्हा ह्यांनी मला सांगितलं, आणि सव्वीस वर्षांत ह्यांनी एका दमात मला एवढं कधी सांगितलं नव्हतं. म्हणे वाघीण बहिणीला चेहऱ्याने ओळखत नाही, वासाने ओळखते. चार दिवस दवाखान्यात काढले, अंगाला औषधांचा वास लागला, की ती परकी. परकी घरात शिरली की मालकीण तिला फाडते. म्हणून एकीचं अंथरायचं गोणपाट दुसरीकडे न्यायचं, तिचं हिच्याकडे आणायचं, असं आठ दिवस करायचं. नव्या वासाची सवय झाली की मग दार उघडायचं. हे ह्यांना ह्यांच्या आधीच्या म्हाताऱ्याने शिकवलं होतं. कुठल्या पुस्तकात आहे का, देव जाणे.

साहेबांच्या पुस्तकात तरी नव्हतं. साहेब नवे, अंगावर कडक इस्त्री आणि पायात असले बूट की पिंजऱ्याच्या बाजूला फिरकायची सोय नाही. रविवारी कुणी बडे पाहुणे येणार होते, वाघिणी दत्तक घ्यायला. दत्तक म्हणजे काय, तर फोटो काढायचा आणि पाटीवर नाव लावायचं. पाटीवर आधीच रंगवून झालं होतं, 'प्रेमळ बहिणी'. तेव्हा दोघी एकत्र दिसायला हव्यात. शुक्रवारी सकाळी साहेबांनी फर्मान काढलं, उद्या नऊ वाजता दार उघडा.

हे म्हणाले, "साहेब, आठ दिवस द्या."

साहेब हसले. "अहो, बहिणी आहेत त्या. बहिणी काय एकमेकींना खातात?"

ह्या माणसाला बहीण नसणार, हे मी तेव्हाच ओळखलं. आम्ही तिघी बहिणी. आईच्या शिलाई मशीनवरून आमच्या धाकटीने माझ्याशी चार वर्षं अबोला धरला होता, आणि आम्हाला तर नखंही नाहीत.

आठ दिवस मिळाले नाहीत, एक रात्र मिळाली. शुक्रवारी पाचला दवाखान्याला कुलूप लागायच्या आत ह्यांनी धाकटीच्या अंगाखालचं गोणपाट काढून घेतलं. औषधाच्या वासाचं तेच एक. ते पहाटे थोरलीपुढे टाकायचं होतं. पिंजऱ्यापाशी ठेवलं तर संध्याकाळचे झाडूवाले कचरा म्हणून उचलणार, पाहुण्यांसाठी सगळीकडे फिनेल ओतणं चाललंच होतं. म्हणून ते पिशवीत घालून घरी आणलं, गॅलरीत ठेवलं आणि हे औषधाची गोळी घेऊन लवकर झोपले. मला काही बोलले नाहीत. बोलायचे शब्द संपले असतील त्या दिवशीचे.

शनिवारी सकाळी थोरलीने ते गोणपाट हुंगलं आणि तोंड फिरवून बसली. ह्यांना वाटलं, चला, पटलं. नऊ वाजता साहेब लांब उभे राहून घड्याळ बघत होते. आधी जाळीतून दोघींना एकमेकींना बघू दिलं. थोरली शांत. दहा मिनिटांनी साहेब म्हणाले, "चला, उरका." ह्यांनी दार वर ओढलं. धाकटी लंगडत नाही, बिचकत नाही, सरळ आपल्या फळीकडे निघाली, घरी आल्यासारखी. आणि थोरलीने आवाजसुद्धा न करता तिच्या मानेवर झेप घेतली.

अर्धं मिनिट चाललं म्हणे. ह्यांनी लोखंडी बादली गजांवर आपटून आपटून वाकवली, बरोबरच्या माणसाने पाण्याचा मोठा पाइप सोडला. धाकटीचा कान फाटला, पुढचा पाय खांद्यापासून उघडा पडला. साहेब तोवर ऑफिसात पोचले होते, ते कसे पोचले हे कुणी पाहिलं नाही. बूट चांगले असावेत.

दुपारी हे घरी आले आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. हातात ते गोणपाट. मग विचारलं, "हे तू धुतलंस?"

मी भाजी निवडत होते. म्हटलं, "मग काय, घरात सडवत ठेवू? गॅलरीत उभं राहवेना. दोन पाण्यातून काढलं, वरून पावडर टाकली, पंख्याखाली वाळवून घडी घालून परत तुमच्या पिशवीत ठेवलं. कौतुक राहिलं बाजूला!"

एवढं सगळं मी बोलले. ऐटीत बोलले. ह्यांनी मला पूर्ण बोलू दिलं आणि मग सकाळचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "नंतर तोंडाजवळ नेलं. मेलेल्या नाकालाही फुलांचा वास आला."

माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. साहेबांना, झाडूवाल्यांना, पाहुण्यांना, सगळ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवत आले. आता कुणाला ठेवू? दवाखान्याचे डॉक्टर नंतर म्हणाले की गोणपाट तसंच असतं तरी एका रात्रीत काही झालं नसतं. म्हणोत बापडे. त्यांनी ते पिळलं नव्हतं, मी पिळलं होतं.

मग आली ती बैठक. कागद आधीच तयार होता. थोरली अचानक आक्रमक झाली, ती हिंस्र व धोकादायक आहे, तिला कायमचं मागच्या बंद पिंजऱ्यात ठेवावं. तो पिंजरा आमच्या स्वयंपाकघराएवढा. ऊन नाही, माती नाही, उरलेली सगळी वर्षं चार भिंती. म्हणजे कुणाचीच चूक नाही, साहेब मोकळे, सगळे मोकळे, वाघीण तेवढी आत. फक्त खाली ह्यांची सही हवी होती, की होय, जनावर अचानक बिथरलं.

मी चप्पल घातली. म्हटलं, मी येते आणि सांगते त्या तिघांना, की गोणपाट मी धुतलं, आणि आठ दिवस कुणी दिले नाहीत तेही सांगते.

"तू येऊ नकोस," हे म्हणाले.

"का? भीते की काय मी?"

"तू भीत नाहीस, ते ठाऊक आहे मला. पण त्या खोलीत तुझं नाव कुणी घ्यायला नको."

मी चप्पल काढली. गप्प बसले. ही गोष्ट आमच्या इमारतीत कुणाला सांगितली तर खोटी वाटेल.

ह्यांनी सही केली नाही. तिथे उभं राहून मुका बोलला. म्हणाला, वाघीण अचानक बिथरली नाही, वाघिणीने वाघिणीसारखंच केलं. "गोणपाट मी धुतलं, चूक माझी." तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गोणपाट ही काय भानगड, हे त्यांना समजेना. पण चूक माझी, एवढं बरोबर समजलं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर कसं तेज आलं! आठ दिवस मागितले होते, हेही हे म्हणाले. ते कागदावर उतरलं नाही. पेनातली शाई नेमकी कमी पडली असेल. 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा' असं मात्र ठळक उतरलं.

निष्काळजीपणा! सव्वीस वर्षं दार दोनदा ओढून बघणारा माणूस निष्काळजी. आणि बूट घालून पळालेला काळजीवाहू.

थोरलीवरचा हिंस्रपणाचा शिक्का मात्र पुसला गेला. ती तिच्या मोकळ्या अंगणात राहिली. धाकटी जगली, पाय ओढते, मागे दवाखान्यातच असते. आणि ह्यांना फाटकावर बसवलं, तिकिटं फाडायला. परवा मी गेले होते डबा द्यायला. खाकी टोपी घालून बसलेले, शाळेची पोरं विचारतायत, "काका, वाघ कुठे?" आणि हे हात करून दाखवतायत, डावीकडे.

पहिल्या आठवड्यात मी ह्यांचे शर्ट धुवायला काढले, बादली भरली, आणि सवयीने वेगळी ठेवली. मग नाकाला लावून पाहिला एक शर्ट. साधा घामाचा वास. मी त्या बादलीपाशी बसून रडले. सांगते, लाज कसली त्यात.

पुढचं कुणाला सांगू नका. वाघांवर जो नवा माणूस आलाय, तो एक दिवस फाटकावर ह्यांच्यापाशी येऊन बसला. म्हणाला, "थोरली फळीवर झोपत नाही, दाराशीच बसून असते. परत एकत्र आणता येईल का हो दोघींना?" हे म्हणाले, येईल. आठ दिवसांत नाही आता, महिना धर. आणि साहेबांना विचारू नकोस.

झाडूवाले अजून संध्याकाळी सगळं उचलतात. त्यामुळे पाचला दवाखान्यातून गोणपाट निघतं, फाटकावर येतं, ह्यांच्या पिशवीतून आमच्या घरी येतं, आणि पहाटे थोरलीपुढे जातं. आज एकोणिसावा दिवस. काल थोरलीने त्यावर गाल घासला आणि डोकं टेकून झोपली. नव्या माणसाने फाटकावर पळत येऊन ही बातमी दिली, आणि ह्यांनी घरी येऊन मला तीनदा सांगितलं. तीनदा!

रात्रभर ते गॅलरीत, माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधोमध असतं. धाकटीच्या जखमेचं मलम, लघवी, केस, सगळं त्यात. वास विचारू नका. मी त्या बाजूला पाण्याचा तांब्यासुद्धा नेत नाही.

आज सकाळी शेजारीण नाकाला पदर लावून दारात आली. "अहो, काय मेलंय का तुमच्याकडे? एवढं तुमच्या धुण्याचं नाव, आणि हे काय लटकवलंय? धुऊन टाका की एकदा!"

"एकदा धुतलं होतं," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.