पूजेतली जॅकेटं

पितृपंधरवडा संपत आला की बबनकाका नारंगी लाइफ जॅकेट घालून मोशीच्या चौकात दूध आणायला जायचे. खाली पांढरा पायजमा, वर बंडी आणि बंडीवर करकचून आवळलेलं जॅकेट. रोज एक वेगळं. चहाच्या टपरीवरची पोरं ओरडायची, "काका, इंद्रायणीला पूर आला का काय?" काका न चिडता थांबायचे. "आला तर तुला इचारून न्हाई यायचा," असं म्हणत अंगातलं जॅकेट काढून त्याच पोराच्या गळ्यात अडकवायचे. "आता जरा पळून दाखीव. काखंत काचतंय का बघ." पोरगं चौकात पळायचं, सगळे हसायचे आणि काकांची निम्मी तपासणी तिथंच उरकायची.

उरलेली तपासणी घरी व्हायची. त्यांच्या गोठ्यात गुरं राहिली नव्हती, पण पाण्याची दगडी डोण होती. ती काठोकाठ भरायची, जॅकेटला वाळूची पिशवी बांधायची आणि पाण्यात सोडायचं. तरंगलं तर पास. खाली बसायला लागलं की काका कोयत्यानं त्याचे तुकडे करायचे. "नुसतं टाकून न्हाई द्यायचं. कुनीतरी उचलून घालतंय, आन् त्याला वाटतंय आपन वाचलो."

मी हे सगळं वरून, आमच्या खोलीच्या गॅलरीतून बघायचे. आम्ही त्यांचे भाडेकरू. वडील लातूरकडून आले आणि चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर लागले. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, म्हणून काका मला नावानं हाक न मारता "कालेज" म्हणायचे. "काय गं कालेज, आज तास न्हाई का?" कुणाबद्दल असं सविस्तर लिहायची मला सवय नाही. काकांबद्दल लिहिताना तर फार भीती वाटते. मी लिहीन त्यापेक्षा ते मोठे होते, किंवा मला वाटतात त्यापेक्षा साधे होते. नक्की कोणतं ते मला अजून ठरवता येत नाही.

काका मोशीचे जुने रहिवासी. लहानपणी इंद्रायणीत पोहायला शिकले, तिच्यातच गळ टाकून मासे धरले. पुढे नदीवर फेस आला, शेतावर इमारती आल्या आणि काका कंपनीतून रिटायर झाले. नदीकाठी उभं राहवत नाही म्हणायचे. मग त्यांनी ओळखीच्या कंपनीवाल्यांना गोळा करून एक फायबरची होडी घेतली आणि चाकणच्या पलीकडे, धरणाच्या फुगवट्यावर रविवारी मासे धरायला जायचा गट काढला. पावसाळ्यात मात्र कुणाला पाण्याकडे फिरकू द्यायचे नाहीत. "मासळी गाभन असती तवा. लेकुरवाळीच्या दारात काठी घिऊन जायचं का?" हंगाम दसऱ्याला सुरू व्हायचा, होळीला संपायचा.

माझे वडीलही त्या गटात होते. त्यांना पोहता येत नाही. काकांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "आमच्याकडं नदीलाच पाणी नसतंय ओ काका. शिकावं कुठं?" काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, "तुमची मला काळजी न्हाई. तुमी भ्येता. पवता येतं म्हननाऱ्याला आदी जॅकेट घालावं लागतं."

पण कुणी घालत नसे. मी दोन-तीनदा वडिलांबरोबर गेले होते, तेव्हा बघितलं आहे. उकडतं, शर्ट चुरगळतो, फोटोत ढोल दिसतो, अशी कारणं असायची. काकांनी वर्षभर जपलेली जॅकेटं लोक होडीच्या फळीवर टाकून त्यावर बसायचे. एकानं डोक्याखाली घेऊन झोप काढली. एकानं त्यावर भेळ कालवली. काका ओरडायचे, तेवढ्यापुरती जॅकेटं अंगात चढायची आणि काठ लांब गेला की परत बुडाखाली जायची.

गटात अक्षय नावाचा एक जण होता. आमच्याच गल्लीतला, चाकणला ट्रेनी लागलेला, आईचा एकुलता एक. त्याचे वडील तो शाळेत असतानाच गेले होते. काकांचं ऐकणारा तो एकटा. तो काकांची नक्कल करायचा, त्यांच्यासमोरच. "पान्याला वळख नसती राव! घाला!" असं छाती काढून म्हणायचा. काका म्हणायचे, "लेका, माझ्या मागं तूच हायेस. नक्कल तरी नीट कर."

अशाच एका हंगामाच्या अखेरीस काकांना कंपनीतली खंडेनवमी आठवली. असं ते सांगायचे. खंडेनवमीला कंपनीत मशिनांची पूजा होते. पाने, हातोड्या, सगळं धुऊन पुसून मांडतात, हळदकुंकू लावतात. एरवी लाथेनं बाजूला सरकवलेला पानासुद्धा त्या दिवसानंतर कुणी ओलांडत नाही. चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाला लावतात. काकांना एकदम उपाय सापडला. "मानसं माझं ऐकत न्हाईत. पूजेचं ऐकत्यात."

पुढच्या खंडेनवमीला गोठा सारवला. होडी आधीच धरणावर नेऊन बांधली होती. चौरंगावर जॅकेटं मांडली, प्रत्येकावर मार्करनं त्या-त्या माणसाचं नाव. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पट्ट्याला लाल धागा. गटातले सगळे बायकामुलांसह आले. एकानं विचारलं, "काका, वल्हं कुठंय? हत्यार तर ते ना?" काका म्हणाले, "वल्ही लाकूड हायत. आपलं हत्यार हे." आरती झाल्यावर कुणीतरी फोटोसाठी जॅकेट उचलायला गेला, तर काका असे गरजले की लहान मुलं रडायला लागली. "पूजेत बसलेलं हत्यार उठवायचं न्हाई! दसऱ्याची पूजा झाल्याबगर कुनी हात लावायचा न्हाई!"

आणि उपाय लागू पडला. दसऱ्याला पाण्यावर गेल्यावर सगळ्यांनी जॅकेटांना नमस्कार केला आणि मुकाट्यानं घातली. कुणी त्यावर बसलं नाही. पाय लागला की "माफ कर" म्हणायचे. माझ्या आईनं वडिलांचं जॅकेट धुऊन देवघराशेजारी टांगलं. काका वडिलांना सारखं सांगायचे, "बगितलं? ओरडून घसा बसला, पन एका झेंडूच्या माळेनं काम झालं." त्यांना मी इतकं समाधानी नंतर कधी पाहिलं नाही. आणि पूजेचा नियम सगळ्यांना बजावणारा कोण, तर अक्षय. काकांचा आवाज काढून म्हणायचा, "उठवायचं न्हाई!"

एक-दोन हंगाम असे गेले.

त्या वर्षी खंडेनवमीला काका जुन्या कंपनीत पूजेला गेले होते. रिटायर माणसांना बोलावतात. सकाळी घरची मांडणी करून, आरती करून गेले. अक्षयला पूजेनंतर अर्धी सुट्टी मिळाली. त्याच्याकडे पाहुणे म्हणून दोन मित्र आले होते, त्यांना होडी दाखवायची होती. तिघं मोटारसायकलवरून गोठ्यापाशी आले. काकू दारात होत्या. पुढचं काकूंनीच नंतर सांगितलं, पुन्हा पुन्हा, प्रत्येकाला, जणू सांगताना एखाद्या वेळी ते वेगळं घडेल.

"उंबऱ्यातच थांबला. हात जोडले. ते मित्र म्हनलं, घे की दोन-तीन काढून. तर म्हनला, न्हाई रे, पूजा मोडती, काका मारतील. नुसती एक चक्कर मारून येतो काकू, गळसुद्धा टाकत न्हाई. मी म्हनलं, परसाद तरी खाऊन जा. पेढा खाल्ला. गेला."

दुपारून वारा फिरला. पावसाळा नुकताच सरलेला, फुगवटा भरलेला. होडी एका बाजूला कलली, उलटली आणि तिघंही पाण्यात पडले. मित्रांना पालथ्या होडीचा काठ सापडला. अक्षयला पोहता येत होतं. तो होडीकडे न येता काठाकडे पोहायला निघाला.

तो दसऱ्याला सकाळी सापडला. त्या दिवशी आमच्या गल्लीत कुणी आपट्याचं पान दिलं नाही. जॅकेटं गोठ्यात तशीच मांडलेली होती. झेंडू वाळून तपकिरी झाला, तरी काका कुणाला आवरू देईनात. दारात बसून असायचे. वडील त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. एकदा वडील म्हणाले, "काका, तुम्ही चांगलंच केलं होतं ओ."  काका म्हणाले, "त्येंनी जॅकेटाला हत्यार समजावं असं मला वाटत हुतं. मी देव करून ठिवला. देव कोन वापरतंय?"

पुढच्या पितृपंधरवड्यात काका जॅकेट घालून चौकात गेले नाहीत. पण सर्वपित्री झाल्यावर त्यांनी गटाला बोलावलं. थोडेच आले. काकांनी जॅकेटं गोठ्यासमोरच्या मातीत पसरली होती. धागे तोडलेले, कुंकू घासून काढलेलं. म्हणाले, "बसा यांच्यावर."

कुणाला कळेना.

"बसा म्हनतो ना! आदी बसत हुता की. पाय द्या. भेळ आनू का?"

गटातले एक साहेब हळूच म्हणाले, "काका, आता नाही हो जमत." दुसरे कुणीतरी वाकून जॅकेटला हात लावून तो कपाळाला लावू लागले, तसा काकांनी त्यांचा हात धरला. "न्हाई. त्येच न्हाई करायचं." मग त्यांनी स्वतःचा पाय उचलला. चप्पल काढून उचलला, हे मी गॅलरीतून पाहिलं. पाय जरा वेळ वर राहिला आणि जॅकेटाच्या बाजूला मातीत टेकला. "माझाच पडंना," ते म्हणाले. लोक एकेक करून निघून गेले. त्या हंगामात होडी पाण्यात गेली नाही. त्यानंतरही नाही.

तेव्हा काकांना एकच ध्यास होता. अक्षयचं जॅकेट. पोलिसांचं, विधीचं सगळं झाल्यावर ते कुणीतरी त्याच्या आईकडे, मंगलमावशींकडे, पोचवलं होतं. एका दुपारी काकांनी मला हाक मारली. "कालेज, चल जरा माझ्यासंगं. एकट्याला जायचं धारिष्ट न्हाई."

मावशींच्या घरात भिंतीला अक्षयचा फोटो होता. फोटोखाली पाटावर ते जॅकेट, घडी घालून. त्यावर ताजं हळदकुंकू आणि ताजा हार. पट्ट्याचा लाल धागा तसाच. मार्करनं लिहिलेलं नाव हाराखालून अर्धं दिसत होतं. मावशींनी पाणी दिलं. काकांनी ते हातातच धरलं.

"वहिनी, एक मागायला आलोय. येवढं जॅकेट द्या. कुठं तरी पोरांच्या अंगात जाऊ द्या. पूजेत नका ठिऊ."

मावशी रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. त्या अगदी समजावल्यासारखं म्हणाल्या, "न्हाई भावजी. ते पूजेतलं हाय. त्यानं जाताना त्याला हात लावला न्हाई. तुमचा शब्द मोडला न्हाई पोरानं. आता मी कसा मोडू?"

काका उठले. दाराशी पोचल्यावर सवयीनं वळले, दोन्ही हात छातीशी आले. ते जोडायचे की नाही हे त्यांना ठरवता येईना. तसेच, हात मधेच धरून, ते बाहेर पडले.  घराजवळ आल्यावर इतकंच म्हणाले, "माझं येवढं कुनीच ऐकलं न्हवतं गं."

पुढं काका-काकू मुलाकडे चऱ्होलीला राहायला गेले. मोठी सोसायटी आहे, खाली पोहण्याचा तलाव आहे. मागच्या दसऱ्याला मी त्यांना भेटायला गेले. वर घरी नव्हते. तलावाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले दिसले. भिंतीच्या खुंटीला बुडणाऱ्यासाठी ठेवलेली नारंगी रिंग होती. तिला झेंडूचा जाडजूड हार घातलेला होता, कुंकवाची पाच बोटं उठलेली होती आणि हार पडू नये म्हणून कुणीतरी तो रिंगसकट दोऱ्यानं खुंटीला घट्ट बांधला होता.

"सकाळी सोडला हुता मी," काका म्हणाले. "दुपारी परत बांदला. वाचमन म्हनतो, आजोबा, सनाचं कशाला काढता?"

"तुम्ही त्यांना सांगितलं का? अक्षयचं?"

"सांगितलं. लई वाईट वाटलं त्येला. डोळं पुसलं." काकांनी रिंगेकडे बघितलं. "मंग बांदला."

पाण्यात मुलं खेळत होती. काका उठले, गाठ सोडू लागले. मी मदतीला पुढं झाले, तर मागून एका बाईंनी अगदी प्रेमानं हाक मारली, "अहो आजोबा, राहू द्या ना, उद्या काढू."