बापाचं वाक्य

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं ओसरीवर तुरीच्या शेंगा निवडत होतो. मी म्हटलं, "उंबरा ओलांडलास तर हे दार बंद!" ती ताठ झाली. "करा बंद, आबा. मी कधीचीच बाहेर उभी आहे." अन् त्याच दमात, "मीठ टाकून उकडू का ह्या?"

गाव माझ्या बायकोला नटी म्हणायचं, टोमण्यानं. मीही म्हणायचो, लाडानं.

ही वाक्यं बाहत्तरच्या दुष्काळातल्या एका नाटकातली. निलंग्याकडं आमच्या गावाला रस्त्याचं काम निघालं, सगळं गाव खडी फोडायला. लोकांचं मन रमावं म्हणून शाळेच्या गुरुजींनी नाटक बसवलं. शंभर वर्षांमागची एक पोरगी बापाचं घर सोडून नाटकात जाते, असं ते. पोरीचं काम दिलं लोहाराच्या बाबूला, मिशा काढायला लावून.

नटीनं हातोडा खाली ठेवला. "गुरुजी, पोरीला नाटकात घ्या म्हणून नाटक करायलात, अन् पोरीचं काम गड्याला?"

बाया हसल्या. माझे वडील हसले नाहीत. "चार लोकांसमोर बसायचं काम आपल्या घरच्या बाईचं न्हाई."

तालमी खडीच्या ढिगाशेजारीच व्हायच्या. फोडता फोडता तिचं सगळं नाटक पाठ झालं. ऐन दिवशी धुरळ्यानं बाबूचा घसा बसला. गुरुजींनी हात जोडले, तेव्हा वडील म्हणाले, "पडद्याआड बोल. तोंड दिसलं न्हाई पाहिजे." ती गोणपाटामागून बोलली, पुढं बाबू नुसते ओठ हलवत राहिला. लोक लई रडले. नारळ बाबूला मिळाला. घरी येताना ती एवढंच म्हणाली, "अहो, त्यानं हात भलत्याच वाक्याला उचलला."

तिथून घरात ती नाटकातली पोरगी झाली, अन् बापाचं काम माझ्याकडं आलं. मी चौथी नापास, शब्द गळायचा. लगेच चुलीपासून आवाज, "चुकलात!" भाकरी करपलेली चालायची तिला, वाक्य नाही.

लातूर जिल्हा झाला तेव्हा तालुक्याला कार्यक्रम ठरला. ती नवं लुगडं नेसून काम मागायला गेली, उतरल्या तोंडानं परत आली.

"काय म्हणाले?"

"घरच्या मोठ्यांना विचारून या म्हणाले. जिल्हा नवा हाय, माणसं जुनीच."

वडील अंथरुणाला खिळले होते. तरी मान हलवली, नकाराची. ते गेल्यावर मी म्हटलं, "आता जा की." तर म्हणाली, "पोरीचं काम म्हातारीला कोण देतंय?"

त्या शेवटच्या संध्याकाळी ती शेंगा खाऊन झोपली, पहाटे उठलीच नाही.

आमच्या लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. जंगम आले. तिला भिंतीला टेकवून बसवली, कपाळभर विभूती लावली, फुलांनी मढवली. अंगणात सारं गाव तिच्याकडं तोंड करून बसलं. पडदा नव्हता. कोणी खोकलंसुद्धा नाही. बाबू होता, म्हातारा झालेला, हात जोडून. मला वाटलं, आता ती बोलेल. तेव्हा आवाज होता, तोंड नव्हतं. आता तोंड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, उंबऱ्यात उभा राहिलो अन् बापाचं वाक्य मोठ्यानं म्हटलं. मुद्दाम चुकवून.

"ओलांड पोरी, दार उघडंच ठेवतो."

अन् चुलीकडं कान लावून उभा राहिलो.