फाट्यावरचा फ्लेक्स

सैन्यभरतीचा निकाल लागला त्याच संध्याकाळी आमच्या गावच्या फाट्यावर माझा फ्लेक्स झळकला. इंदापूरच्या दुकानदाराने माझं डोकं भलत्याच कुणाच्या तरी वर्दीतल्या धडावर चिकटवलं होतं. खांद्यावर स्टारही होते, म्हणजे शिपाई व्हायच्या आधीच मी साहेब झालो होतो. डीजेपुढे पोरं नाचली, गुलालाने माझे कान भरले. बारामतीच्या अकॅडमीत सराव करताना मी कशाला भ्यायलो नव्हतो. त्या संध्याकाळी मात्र भ्यायलो. आता अर्ध्यातून परत यायची सोय उरली नव्हती.

ट्रेनिंग सेंटरात पहिल्याच आठवड्यात कळलं, हे आपलं काम नव्हे. पळायला मी कुणाला ऐकत नव्हतो. पण जेवण, झोप, आंघोळ, सगळं शिट्टीवर. एकाची चादर चुरगळलेली दिसली की सगळ्यांना रगडा, म्हणजे पोटात ढवळेपर्यंत मातीत कोलांट्या मारायच्या. वर कवायत घेणारे उस्ताद विचारायचे, "घर जाना है?" आम्ही ओरडायचो, "नहीं, उस्ताद!" सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडायचो, कारण मला खरंच घरी जायचं होतं.

माझ्या शेजारच्या खाटेवरचा पोरगा एक दिवस लिहून देऊन सरळ घरी गेला. मला त्याचा भयंकर हेवा वाटला. त्याच्या गावात फ्लेक्स लागला नसणार.

जायचं मनात आलं की फाटा डोळ्यांपुढे यायचा. एसटी थांबलेली, टपरीवर चहा पीत बसलेलं अख्खं गाव, वर स्टारवाला मी आणि खाली पेटी घेऊन उतरणारा मी. रविवारी मोबाईल हातात मिळायचा. अशाच एका रविवारी आईने विचारलं, "जेवतूस का रं नीट?" मी "व्हय" म्हणालो आणि लगेच "रेंज न्हाय गं आये," म्हणून फोन कापला.

शेवटी शपथ परेड झाली, सुट्टी मिळाली. भिगवणला रेल्वेतून उतरून एसटीने फाट्यावर आलो, तर खांब मोकळा. फ्लेक्स सापडला आमच्याच शेळ्यांच्या छपरावर. त्यावरचं माझं तोंड उन्हाने पार विटलं होतं.

"वाऱ्यानं पडला व्हय गं?" मी आईला विचारलं.

"न्हाय. रेंज न्हाय म्हणलास ना, त्याच्या दुसऱ्या दिशी तुज्या तात्यास्नी काढाय लावला. म्हणलं, पोरगं आलंच माघारी, तर त्याच्याखालनं यायला लागू न्हाय."

म्हणजे बाकीचं सगळं ट्रेनिंग मी तिथे नसलेल्या फ्लेक्सला भिऊन काढलं होतं. मला तिचा राग आला, आणि रडूही आलं.

"मग मला सांगायचं न्हाय का?"

शेळीपुढे पाला टाकता टाकता ती म्हणाली, "तू तरी कुठं सांगितलंस?"