देवाने दिलेली खुर्ची

पप्पा जपानला, माझ्याकडे उरायासुला यायच्या आधी मी त्यांच्यासाठी खुर्ची घेतली. नवी कोरी, चामड्याची, पाठीला टेकू देणारी, पाय वर उचलून धरणारी. चाळीस वर्षं मिशनच्या बंगल्यात माळीकाम करून त्यांची कंबर गेलेली आहे, हे एक कारण. दुसरं कारण सरळच सांगते. मला ते त्या खुर्चीत बसलेले बघायचे होते, आणि त्यांनी एकदा म्हणावं असं वाटत होतं, की पोरी, हे तू कमावलंस. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. एवढं एक वाक्य मागायचा मला हक्क आहे, असं मला तेव्हा वाटत होतं. अजूनही वाटतं.

आल्या दिवशी त्यांनी घरभर फिरून प्रत्येक वस्तूवर हात ठेवून प्रार्थना केली. फ्रिज, वॉशिंग मशीन, भाताचा कुकर. कमोडची गरम होणारी सीटसुद्धा सोडली नाही. "प्रभू, हे सगळं तुझं. आम्ही नुसते कारभारी." खुर्चीपाशी आले, तिच्यावरही हात ठेवला, उपकार मानले, आणि खाली फरशीवर बसले.

"पप्पा, वर बसा ना. तुमच्यासाठीच आणलीय."

"असू दे. नवी आहे, खराब होईल."

"खराब व्हायलाच आणलीय."

"असं बोलू नये गं. देवाची वस्तू जपून वापरावी."

तीन आठवडे ते फरशीवर आणि खुर्ची भिंतीशी. धूळ बसू नये म्हणून त्यांनी तिच्यावर टॉवेल पसरून ठेवला होता. ऑफिसातून आले की मी आधी टॉवेलकडे बघायची. त्याला सुरकुतीही पडलेली नसायची.

हे कारभारीपण मी लहानपणापासून ऐकत आलेय. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेब वर्षातून दोनदा तरी त्यावर उपदेश करायचे. आपल्याजवळ जे आहे ते देवाचं, आपण ते सांभाळायचं. समोर सतरंजीवर बसलेले कोण, तर माळी, आया, शिपाई, धोबी. आमच्याकडे सांभाळायला होतं काय? दोन पत्र्याच्या पेट्या आणि एक शेळी. बंगल्यातले साहेबही कारभारीच होते म्हणा. त्यांच्या कारभारात गालिचे होते, एवढाच फरक.

एका गुरुवारी घरी आले तर पप्पा बाल्कनीत खुर्चीत बसलेले. माझ्या नव्हे. जुनी लाकडी, एका हाताचा रंग उडालेला, वेत मध्ये खचलेला.

"ही कुठून आणली?"

"खाली कोपऱ्यात होती. बघ तरी, काय सागवानासारखं लाकूड आहे! कुणाला नको होती. देवाने बरोबर माझ्यासाठी ठेवली."

मी कपाळाला हात लावला. इथे मोठा कचरा असा वाटेल तेव्हा टाकता येत नाही. पालिकेला फोन करून दिवस ठरवायचा, दुकानातून स्टिकर आणून त्या वस्तूला लावायचा आणि ठरलेल्या सकाळी ती खाली ठेवायची. पप्पांनी तो स्टिकर ओल्या फडक्याने घासून घासून काढला होता. खुर्चीवर प्रार्थनाही करून झाली होती.

बेल वाजली. इमारतीचे व्यवस्थापक, राखाडी गणवेशातले वयस्कर गृहस्थ, हातात एक कागद धरून उभे होते. कॅमेऱ्यातला फोटो छापून आणला होता. पप्पा डोक्यावर खुर्ची घेऊन आमच्या लिफ्टसमोर उभे. व्यवस्थापकांनीच आधी वाकून माफी मागितली. त्रास देतोय, म्हणाले, पण शेजारच्या जिन्यातल्या बाईंनी विचारलं, आमची खुर्ची पालिकेची गाडी यायच्या आतच कुठे गेली. मी वाकले. पुन्हा वाकले. मागून पप्पांचा आवाज आला, "विचार त्यांना, चहा घेतात का."

खुर्ची आम्ही दोघांनी धरून खाली नेली. लिफ्टमध्ये ते पुटपुटले, "चांगली वस्तू जाळणार ही माणसं. नासाडी."

तिथे माझ्या तोंडून निघून गेलं. "पप्पा, तुमचा देव नेहमी दुसऱ्यांनी टाकलेलंच का देतो हो तुम्हाला?"

लिफ्टचा दरवाजा उघडला, मी माझी बाजू उचलली.

मला काय आठवत होतं ते त्यांनाही आठवत असणार. नाताळाच्या आधी मिशनमध्ये परदेशातून कपड्यांच्या पेट्या यायच्या. आम्ही पोरं रांगेत उभी राहायचो, मिळेल ते अंगाला लावून बघायचो. मग शाळेत फळ्यावरून इंग्रजी पत्र उतरवायचं: तुमचा स्वेटर फार आवडला, देव तुमचं भलं करो. एका वर्षी मला एकच हातमोजा मिळाला, तरी मी स्वेटर आवडला म्हणून लिहिलं, कारण फळ्यावर स्वेटर होता. कॉलेजात पाऊल ठेवलं तेव्हा मनाशी ठरवलं होतं, कुणाचं उतरलेलं अंगावर घालणार नाही, आणि शिकवल्यासारखे आभार मानणार नाही.

आणि त्या कॉलेजात मी गेले ती आईमुळे. पाळकसाहेब म्हणाले होते, मुलीला नर्सिंगला घाला, जागा आहे. पप्पांनी मान डोलावली होती. आई मुलींच्या हॉस्टेलात भाकऱ्या थापायची, दोन्ही वेळ, सत्तर मुलींच्या. ती पिठाचे हात घेऊनच बाहेर आली आणि म्हणाली, "ही इंजिनिअर होणार." त्यानंतर पाळकसाहेबांसमोर तिने तोंड उघडलेलं मला आठवत नाही. माझा शेवटचा निकाल लागला तेव्हा पप्पा फोन ठेवून तडक देवळात गेले, उपकारस्तुती करायला. आईला निकाल संध्याकाळी कळला, तोही हॉस्टेलच्या मुलींकडून. ती जाऊन आता सहा वर्षं झाली.

पप्पांचा इथला शेवटचा रविवार. आम्ही दहा-बारा भारतीय ख्रिस्ती कुटुंबं भाड्याच्या खोलीत उपासनेला जमतो. पप्पा साक्ष द्यायला, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभे राहिले. त्यांचं ते मोडकंतोडकं हिंदी, पण सगळे कान देऊन ऐकत होते. त्यांनी विमानासाठी उपकार मानले, समुद्रासाठी मानले, स्वच्छ रस्त्यांसाठी मानले. मी वाट बघत होते. शेवटी म्हणाले, "आणि मला हे सगळं दाखवायला प्रभूने माझ्या मुलीला वापरलं."

वापरलं. खुरपं वापरतात तसं.

सगळे आमेन म्हणाले. मी म्हणाले नाही.

विमानतळाच्या बसमध्ये बसल्यावर त्यांनी पासपोर्ट काढून हातात धरला. मग म्हणाले, "परवा तू आमेन म्हणाली नाहीस."

"नाही म्हणाले."

"देवाचे उपकार मानले तर तुझं काय कमी होतं गं?"

"तुम्ही कधी एखाद्या माणसाचे मानलेत, पप्पा? एका तरी?"

ते हातातल्या पासपोर्टचं कव्हर उघडत-मिटत राहिले. "माणसांचे मानायला लागलो," ते म्हणाले, "तर आधी तुझ्या आईचे मानावे लागतील."

"मग माना."

"आता कसे मानू? ती आहे का?"

"देवाला सांगा. रोज बोलताच की त्याच्याशी."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. मला वाटलं, सुरू केलं. मी त्यांच्या बाजूला झुकले. चांगल्या बससाठी, गार हवेसाठी आणि वेळेवर निघाल्याबद्दल ते प्रभूचे उपकार मानत होते. शेवटी जरा थांबले, मी आमेन म्हणेन म्हणून. मी खिडकीबाहेर बघत राहिले.