चाचांचं नाक आणि माझी बाटली

ती दुपार आठवली की आधी वास येतो. खसाचा, मोगऱ्याचा आणि दोन्हींच्या मधून हळूच सरकणारा पेट्रोलचा. त्यातलं खरं किती आणि मनाचं किती, हे आता माझं मलाच सांगता येत नाही.

माती आणि विहिरींचं पाणी तपासणाऱ्या कचेरीत मी तेव्हा नवी होते. गावभागातल्या एका अत्तरवाल्या चाचांनी तक्रार केली होती, की कोपऱ्यावरच्या पंपाची जमिनीखालची टाकी गळतेय आणि आमच्या विहिरीला पेट्रोलचा वास येतोय. घरात दुसऱ्या कुणालाच तो येत नव्हता. मी बाटलीला वजन बांधून विहिरीतलं अगदी तळाचं पाणी काढलं. ते स्वच्छ निघालं.

अहवाल मीच नेऊन दिला, जरा तोऱ्यातच. चाचांनी तो वाचला, नीट घडी घातली आणि म्हणाले, "म्हणजे नाक गेलं."

काही दिवसांनी चाची कचेरीत आल्या. "अहो मॅडम, त्यांनी अत्तर बनवणंच सोडलंय. नाक खोटं बोलतं म्हणतात. एकदा परत बघा ना."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. तरी गेले. पंपापासून विहिरीपर्यंत पाच ठिकाणी जमिनीत भोकं पाडून खालची माती बरण्यांत भरली आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावावा म्हणून त्या चाचांच्या दुकानात मांडल्या. कुठली कुठली, हे सांगितलं नाही.

"अख्खं पुणं माझ्याकडे मातीचं अत्तर न्यायला येतं," चाचा म्हणाले, "आणि आपण मलाच माती दाखवताय."

दुकानात ऊन कुप्यांमधून आत येत होतं आणि भिंतीवर हिरवं-पिवळं होऊन हलत होतं. चाचा एकेक बरणी हुंगत, आधीचा वास पुसायला मध्येच स्वतःच्या बाहीत नाक खुपसत, डोळे मिटून थांबत. बाहेरचा रस्ता कुठेतरी लांब गेला होता. मलाही पेंग आल्यासारखं झालं. शेवटी त्यांनी दोन बरण्या पुढे सरकवल्या. मी सगळ्यांची जागा बदलली. त्यांनी पुन्हा त्याच दोन काढल्या.

दोन्ही पंपाजवळच्या होत्या.

माझे कान तापले. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, हे शाळेतलं पोरही सांगेल, आणि मी ते तळाशी शोधलं होतं! मी विहिरीकडे धावले. या वेळी बाटली नुसती पाण्याला टेकवली. वर आणून उन्हात धरली, तर पाण्यावर पातळ जांभळा तवंग होता. मी कितीतरी वेळ तशीच बघत राहिले. फार सुंदर दिसत होता तो, आणि मला माझीच लाज वाटत होती.

प्रयोगशाळेचा निकाल आला तशी मी चाचांच्या घरी गेले. "चाचा, चूक माझी होती. वास खरा होता. पण आता ही विहीर बंद करावी लागेल."

"म्हणजे नाक शाबूत आहे!" चाचा मोठ्याने हसले. मग त्यांची नजर चाचींकडे गेली. लग्न होऊन आल्यापासून चाची त्याच विहिरीचं पाणी शेंदत होत्या.

चाचींनी पोहऱ्याचा दोर सोडला आणि हाताभोवती सावकाश गुंडाळला.

"तुमचं नाक राहिलं ना?" त्या म्हणाल्या. "मग नळाच्या रांगेत राहीन मी उभी."