कोपऱ्यातली जागा

परवा एका कार्यालयातून कागद आला. आश्रमशाळेत नर्स नेमायची तर तिला दवाखान्यातला किती अनुभव असावा, असा त्यात प्रश्न होता आणि उत्तराला करंगळीएवढी जागा. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी असले कागद माझा पत्ता शोधत येतात. पेन उघडलं आणि तसंच बंद केलं. मी स्वतः किती अनुभव घेऊन गेले होते ते आठवलं.

पाच महिने. जाहिरातीत दोन वर्षं मागितली होती, पण गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झालेला आणि धानोऱ्याच्या पुढच्या जंगलात जायला कुणी तयार नव्हतं. मी तयार झाले. मी मूल गावची. बाबा राइस मिलमध्ये पोती वाहायचे, आणि आमच्या बौद्ध मोहल्ल्यातली मी पहिली नर्स. त्यामुळे माझं नाक तेव्हा बरंच वर असायचं. दवाखान्यात राहून मी ‘मला-तुला’ बोलायला शिकले होते. रागावले की मात्र लगेच ‘मले-तुले’वर यायची.

शाळा म्हणजे दोन लांब कौलारू खोल्या. एकीत वर्ग, दुसरीत मुली झोपायच्या. तिन्ही बाजूंनी सागाचं जंगल. दिवसाढवळ्यासुद्धा तिथं एक गोष्ट मला खटकायची: किड्यांची किरकिर अखंड चालायची आणि मधेच, काही कारण नसताना, एकदम थांबायची. मग मुलीही बोलता बोलता थांबायच्या. किरकिर सुरू झाली की पुन्हा बोलायला लागायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं, असं विचारलं तर एकमेकींकडे पाहून हसायच्या.

झोपायच्या खोलीत मुली भिंतीला डोकं करून ओळीनं चटया टाकायच्या. एका कोपऱ्यात मात्र दोन चटयांची जागा मोकळी. बाकीच्या दाटीवाटीनं, एकीचे पाय दुसरीच्या पोटावर, पण त्या कोपऱ्यात कुणी जायची नाही. झाडतानासुद्धा तेवढा तुकडा सोडून झाडायच्या, म्हणून तिथं धूळ साचलेली. भिंतीच्या पलीकडे धानाची कोठी होती.

स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारलं. ती साठीकडे झुकलेली, कमी बोलणारी.

“थे जागा राहू द्या बाई,” ती म्हणाली. “मागच्या साली तिथी एक पोरगी निजली. सकाळी पोट दुखते म्हणे. दुपारपर्यंत गेली.”

“कशानं गेली?”

“कशानं म्हणजे? जागेनंच.”

मला हसू आलं. खरं तर रागच आला. मी शिकलेली, आमच्या घरात देवऋषी, अंगारे-धुपारे यांना थारा नाही, आणि इथे चाळीस पोरी एका कोपऱ्याला भिऊन गुदमरत झोपतात! जुलैत नवीन मुली आल्या. त्यातली एक आठ-नऊ वर्षांची, बारीक, मराठी जेमतेम समजणारी. घरी गोंडी बोलायची. तिला जागा मिळेना. मी सगळ्यांदेखत तिचा हात धरला, कोपरा झाडला आणि तिची चटई तिथं टाकली.

“इथंच निजायचं. भूतबित काही नसते. समजलं?”

तिनं मान हलवली. बाकीच्या मुली माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्या नजरेत भीती नव्हती. कीव होती. ती तेव्हा मला कळली नाही.

तीन आठवडे काही झालं नाही. माझं नाक आणखी वर गेलं.

मग एका सकाळी, प्रार्थनेच्या आधी, ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. पोटावर हात.

“बाई, पोट दुखते.”

अभ्यास नको असला की मुली हेच सांगायच्या. पोट मऊ होतं, ताप नव्हता. मी पोटदुखीची गोळी दिली, “नाटक नको करू,” म्हटलं आणि रांगेत उभं केलं. वार्डात मी हजार पोटं तपासली नव्हती, पण तसा आव मला छान जमायचा.

प्रार्थना चालू झाली. सगळ्यांनी डोळे मिटले. संपल्यावर सगळ्यांनी उघडले, तिनं उघडले नाहीत. मी रागानं पुढे गेले. तिनं मान मागे टाकली, पापण्यांखालच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं आणि हळू, जड जिभेनं म्हणाली, “बाई, तुम्ही दोन दिसून राह्यल्या.”

त्याच वेळी ती किरकिर थांबली, आणि सगळ्या मुली एकाच वेळी माझ्या खांद्यावरून मागे पाहायला लागल्या. मी वळले. झोपायच्या खोलीच्या दाराबाहेर, पायरीवर, त्या मुलीची पत्र्याची पेटी ठेवलेली होती. वर घडी केलेली चटई. मुलींनी उठल्या उठल्या ती बाहेर काढून ठेवली होती. तिनं उठताच त्यांना पोट दुखतं म्हटलं, तेवढं पुरलं होतं. मागच्या वर्षीच्या मुलीची पेटी तिचा बाप न्यायला आला तेव्हा तिथंच ठेवली होती, हे मला नंतर कळलं.

पाच महिन्यांच्या वार्डात मी एकच असं पाहिलं होतं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेतावरची एक बाई आणलेली. पोटदुखी, अंगावर कुठे जखम नाही, आणि उन्हं वर येईतो पापण्या मिटत गेल्या. आमची म्हातारी सिस्टर म्हणाली, “मण्यार. झोपेत चावते. दात दिसत नाहीत तिचे.” मग ती त्या बाईशी बोलत बसली. बाईचं बोटसुद्धा हलत नव्हतं. “ऐकू येते तिले,” सिस्टर म्हणाली, आणि मी दुसऱ्या नर्सकडे पाहून हसले. ती बाई दुसऱ्या दिवशी गेली. मेल्यावर तिचे डोळे मिटावे लागले नाहीत, ते आधीचेच मिटलेले होते.

स्वयंपाकाच्या बाईनं मुलीला खांद्यावर टाकलं आणि आम्ही सडकेकडे धावलो. नऊची एसटी मिळाली. वाटेतल्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते, लस टोचायला गावोगाव फिरत होते. कंपाउंडर बिचारा हात जोडून म्हणाला, “माझ्यापाशी याची दवा नाई. गडचिरोलीलेच न्या, येळ नका लावू.” ड्रायव्हरनं थांबे घेणं सोडलं.

पुढे जंगलात तिचा श्वास उथळ झाला, मग दिसेनासा झाला. मी तिला मागच्या बाकावर आडवं केलं आणि तिच्या तोंडाला तोंड लावून श्वास भरायला लागले. हे मी पुस्तकात शिकले होते आणि एकदा रबरी बाहुलीवर केलं होतं. छाती वर यायची, खाली जायची. मी थांबले की ती थांबायची. बाकी सगळं अंग ओल्या कापडासारखं.

प्रवासी एकेक करून पुढे सरकले. थोड्या वेळानं मागची सगळी बाकं रिकामी होती आणि पुढे माणसं दाटीनं उभी, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. एक बाई पदर तोंडात धरून पुटपुटली, “मेलेल्या पोरीच्या तोंडात फुकून राह्यली वं ते.”

कंडक्टर आला. तरुण होता, घाबरलेला. “बाई, मुडदा नाई नेता येत गाडीत. लोकं बोंबलून राह्यले. उतरा तुम्ही.”

“तुले कोण सांगतलं मुडदा आहे म्हणून!” मी ओरडले आणि सिद्ध करायला तिची नाडी धरली. माझीच बोटं एवढी थरथरत होती की काही लागेना. छातीला कान लावला तर गाडीचा खडखडाट. पापणी उचलली. बुबुळ समोर पाहत होतं, माझ्याकडे नाही, कशाकडेच नाही. मी पाच महिन्यांची नर्स. मला वाटलं, झालं.

“गेली,” मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. आणि तोंड पुसून बसून राहिले.

किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही. नाल्यावरचा एक रपटा ओलांडला एवढं आठवतं, चाकाखालचं पाणी वाजलं होतं. स्वयंपाकाची बाई तिचे पाय मांडीवर घेऊन बसली होती. ती एकदम वाकली आणि म्हणाली, “बाई, हे रडून राह्यली.”

मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक थेंब कानाकडे उतरत होता. चेहरा तसाच, दगडी. ओठ निळे. आणि ती रडत होती.

माझं सगळं शरीर तेव्हा लाजलं. त्या मुलीनं माझा शब्द ऐकला होता. मी पुन्हा ओणवी झाले आणि गडचिरोलीपर्यंत मान वर केली नाही. दोन श्वासांच्या मधे जेवढा वेळ मिळे त्यात एकच शब्द म्हणत होते, “आहे. आहे.” ती आहे की मी आहे, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

दवाखान्यात इंजेक्शनं लागली. नळी घालून दोन दिवस रबरी फुगा हातानं दाबत राहावं लागलं, आळीपाळीनं, मी, स्वयंपाकाची बाई, तिथल्या सिस्टर. तिसऱ्या दिवशी तिनं एक बोट हलवलं. मी इतकी रडले की डॉक्टरांनी मला बाहेर काढलं.

शाळेत परतल्यावर कोपऱ्याची भिंत खणली. कोठीच्या बाजूनं उंदरांनी पोखरलेलं बीळ होतं, थेट चटईच्या जागेपर्यंत आलेलं. साप सापडला नाही. काती सापडल्या, तीन. एक ताजी, दोन जुन्या, हात लावताच चुरा होणाऱ्या. म्हणजे मुलींचं खरं होतं. जागेनंच मारलं होतं. त्यांनी मला कारण सोडून सगळं सांगितलं होतं, आणि मी कारण नाही म्हणून सगळंच टाकून दिलं. वार्डात खाट कुठं ठेवायची ते आपण ठरवतो आणि रोगी गप निजतो. तिथं कुणी मला शिकवलं नव्हतं की मूल कुठं निजत नाही ते आधी विचारायचं. बीळ काचा घालून बुजवलं, भिंत लिंपली.

ती मुलगी पंधरा दिवसांनी आली. बारीक होतीच, आणखी वाळलेली. मुलींनी तिला लांबूनच पाहिलं. संध्याकाळी मी खोलीत गेले तर तिनं पेटी आत आणली होती आणि त्याच कोपऱ्यात, नव्या लिंपणाशी, चटई टाकून तिच्यावर ताठ बसली होती.

“इथं काऊन?” मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. “तुम्हीच सांगतलं ना बाई, इथंच निजायचं.”

मी तिची चटई उचलली आणि ओळीच्या मधोमध टाकली. मुलींनी न सांगता जागा केली. मग माझ्या खोलीतून माझी वळकटी आणली आणि कोपऱ्यात पसरली. तिथून बदली होईपर्यंत मी तिथंच झोपले. दोन वर्षं.

त्या कागदावरच्या करंगळीएवढ्या जागेत मी शेवटी ‘दोन वर्षे’ असंच लिहिलं. कुठली, ते लिहायला जागा नव्हती.