निळे ठोकळे मी उभे केले

सँड मॉडेल रूमवर माझी नेमणूक झाली तेव्हा माझे यजमान जाऊन सात महिने झाले होते. ते लान्स नाईक होते, ड्रायव्हर. डोंगरातल्या रस्त्यावर त्यांचा ट्रक दरीत गेला. त्यांच्या मागे लष्कराने मला हैदराबादच्या एका अभ्यास विभागात कामाला घेतलं. मी वर्दीतली नव्हते. पण सकाळी सातला हजेरी होती, गेटवर पास दाखवावा लागे, आणि आतलं बाहेर बोलायचं नाही असा हुकूम होता. तो हुकूम मी वीस वर्षं पाळला. आता निवृत्त झाले आहे. हे लिहिताना चौकीचं नाव, पलटणीचं नाव मी टाकत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, नांदेडकडच्या गावात. इथे आल्यावर दख्खनी कानावर पडून समजायला लागली, तेलुगू कामापुरती. इंग्रजी वाचता येत नाही. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून जमतं.

काचीगुड्याहून सहाची बस धरून मी पावणेसातला गेटवर पोचत असे. मॉडेल रूममध्ये मोठ्या खोलीएवढं लाकडी टेबल होतं, कमरेइतकं उंच, कडांना फळ्या ठोकलेलं, आत वाळू. अभ्यासाला जो मुलूख असेल तो त्या वाळूत उभा करायचा. वाळू ओली करायची, नकाशा पाहून सुभेदार सांगतील तसे डोंगर थापायचे, नाल्याच्या जागी निळी लोकर, वाटेच्या जागी पांढरा दोरा, बर्फाला चुना. मग ठोकळे. निळे आपले, लाल त्यांचे. एक ठोकळा म्हणजे सहा ते दहा माणसांची एक तुकडी. उभा ठोकळा लढतो आहे, आडवा संपला. अभ्यास आटोपला की वाळू सारखी करून सगळे ठोकळे पहिल्या जागी उभे करून ठेवायचे, हा रिवाज. ते काम माझं.

सुभेदार यादगिरी त्या खोलीचे इन-चार्ज. वरंगळकडचे. मला अक्का म्हणत, वयाने ते मोठे असूनही. सोव्हिएत देश मोडला त्याच्या पुढच्या वर्षी विभागात मेजर कानडे आले. सोलापूरचे. पहिल्याच दिवशी मला मराठीत विचारलं, "बाई, गाव कुठलं?" मी गावाचं नाव सांगितलं आणि मान खाली घातली. त्यापुढे वर्षभर ते माझ्याशी मराठीत बोलत आणि मी हो किंवा नाही म्हणत असे.

मेजरसाहेबांचं काम नेट असेसमेंट. हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला की तोंडात बसला. ते सुभेदारांना समजावत, ते मी फडकं मारता मारता ऐकत असे. आपल्याकडे किती माणसं, किती तोफा, त्यांच्याकडे किती, अशा दोन याद्या शेजारी मांडल्या की बहुतेकांना वाटतं हिशेब झाला. तसं नाही, असं ते म्हणत. दोन्ही बाजू एकमेकींसमोर उभ्या करायच्या आणि वेळ पुढे सरकवायची. आपण हे केलं तर ते काय करतील. त्यांचं दुखणं कुठे, आपलं कुठे. दोन महिन्यांनी, दोन वर्षांनी कोण दमलेलं असेल. आणि आपण त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं, असं विचारायचं नाही. ते त्यांच्या पद्धतीने काय करतात, ते पाहायचं.

यादगिरी म्हणाले, "मतलब शादी में दोनों तरफ के बाराती गिनना, वैसा साब?"

"बाराती नहीं यादगिरी. शादी के दस साल बाद घर में किसकी चलती है, वो देखना."

"वो तो मेरे घर आके देखो साब, असेसमेंट पाँच मिनट में हो जाता."

मी तोंडाला पदर लावला. मेजरसाहेबांनी ते पाहिलं आणि तेही हसले.

मला ते माझ्या रीतीने समजलं. आमच्या गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. कोणाकडे किती घागरी आहेत याने काही ठरत नसे. पाणी कधी येतं, नळाजवळ कोणाचं दार आहे, कोणाच्या घरी त्या दिवशी दुखणं आहे, यावरून कोण भरलेल्या घागरी घेऊन जाणार ते ठरायचं.

त्या वर्षी सप्टेंबरात उत्तरेकडच्या एका चौकीचा अभ्यास आला. डोंगरावर चौकी, खाली झरा, मागे खिंड. नोव्हेंबरात खिंड बर्फाने बंद होते, मग वसंतापर्यंत वर माणूस पाठवता येत नाही. चौकी हिवाळा काढेल की अजून एक प्लाटून, म्हणजे तीसेक माणसं, आधीच वर चढवायची, एवढाच प्रश्न होता. दुसऱ्या एका ऑफिसने याद्या मांडून कळवलं होतं की बळ बरोबरीचं आहे, गरज नाही. चौकीवर मेजरसाहेबांच्या जुन्या कंपनीची माणसं होती. सगळी मराठी मुलं. हे त्यांनी सुरुवातीलाच कागदावर लिहून दिलं होतं, असं यादगिरी म्हणाले.

मेजरसाहेबांनी तीन आठवडे खेळ चालवला. ते निळे, यादगिरी लाल. यादगिरी शेजारच्या खोलीत वायरलेस घेऊन बसत. खालचा तळ आणि वरची चौकी, म्हणजे अल्फा, दोन्हींचं मेजरसाहेबच बोलत. मी टेबलाजवळ उभी, सांगतील तो ठोकळा हलवायला. यादीत चौकीवर तीस माणसं होती. मेजरसाहेबांनी एकेक कमी केलं. रजेवर इतके, आजारी इतके, उंचीवर दम लागून खाली आणलेले इतके. उरले एकोणीस. यादीत चार हेलिकॉप्टर होती. सुटे भाग सोव्हिएत देशातून येत, ते थांबले होते. दोन जमिनीवर उभी. आणि यादगिरी लाल म्हणून चौकीवर चढायचेच नाहीत. ते झऱ्याजवळ जाऊन बसायचे.

"अल्फा, बोला. ओव्हर."

"अल्फा. पाणी दोन दिवसांचं. पार्टी खाली पाठवतो. ओव्हर."

"रेड. पार्टी दिखी. फायर. ओव्हर."

मग मेजरसाहेब बोटाने दाखवत आणि मी झऱ्याच्या वाटेवरचा निळा ठोकळा आडवा करी. तिसऱ्या दिवशी चौकीत एक ठोकळा उभा राही. त्यांनी सात वेळा वेगवेगळ्या रीतीने खेळून पाहिलं. सातही वेळा तसंच झालं. सातव्या वेळेनंतर ते खुर्चीवर बसले. म्हणाले, "एक प्लाटून झऱ्यावर बसवली की हे सगळं थांबतं, बाई. फक्त एक प्लाटून."

ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यात निरोप आला की उद्या दहा वाजता जनरलसाहेब दिल्लीहून येतील, टेबल पाहतील आणि निर्णय देतील. मेजरसाहेबांनी दुपारी एकला टेबल तिसऱ्या दिवसाच्या स्थितीत मांडलं. दोन निळे आडवे, एक उभा. कडेला इंग्रजीत एक चिठ्ठी ठेवली, वर दगड ठेवला, आणि ते रिपोर्ट टाइप करून घ्यायला गेले.

दीडला यादगिरी आले. त्यांनी बाहेरच्या विटांना गेरू, झाडांच्या बुंध्यांना चुना लावायला माणसं लावली होती. घामाघूम होते.

"अक्का, कल जनरल आरैं. सब चकाचक होना. एक दाना मिट्टी दिखा तो मेरे तारे गए समझो."

आणि ते मेसकडे निघून गेले.

मोठा साहेब येणार म्हणजे काय करायचं ते मला माहीत होतं. वर्षानुवर्षं तेच केलं होतं. सात खेळ झाले होते, म्हणजे अभ्यास आटोपला असं मी धरलं. मी फरशी पुसली, खिडक्या पुसल्या. टेबलावर वाळू सांडलेली, चुना विस्कटलेला, दोरा तुटलेला, ठोकळे पडलेले. मी वाळू सारखी केली. नवा चुना चाळून टाकला. दोरा बदलला. निळे तिन्ही ठोकळे ओल्या फडक्याने पुसून चौकीवर एका ओळीत उभे केले, लालही त्यांच्या जागी. चिठ्ठी कच्चा कागद समजून ड्रॉवरमध्ये ठेवली. तीन वाजता घरी गेले. त्या दिवशी मला माझं काम चांगलं झाल्यासारखं वाटलं होतं.

जनरलसाहेब दहाला पाच कमी असताना आले. परतीचं विमान साडेअकराचं होतं. मेजरसाहेब त्यांच्याबरोबरच आत आले, आणि टेबल पाहून थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. मी भिंतीशी उभी होते, हातात फडकं.

जनरलसाहेब टेबलाभोवती एक फेरी मारून म्हणाले की चौकी तर भक्कम दिसते. त्यांचं बोलणं हिंदी-इंग्रजी मिसळून होतं, मला अर्थ लागत होता. मेजरसाहेब म्हणाले, सर, ही तिसऱ्या दिवसाची स्थिती नाही, ठोकळे हलवले गेले आहेत. आणि वाकून त्यांनी स्वतःच्या हाताने दोन निळे आडवे केले.

ते करायला नको होतं. जनरलसाहेबांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं.

"कानडे, ये तुम्हारी पुरानी कंपनी है ना?"

"यस सर. रिपोर्ट में लिखा है."

"किसने हिलाए ठोकळे?"

ते ठोकळे म्हणाले नव्हते, ब्लॉक म्हणाले. मला आठवताना माझा शब्द येतो. मेजरसाहेब म्हणाले, माहीत नाही सर. ते खरंच होतं. यादगिरी सावधान उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि समोर पाहू लागले. चौकशी, त्यांची पेन्शन, माझी नोकरी, हे सगळं त्या बघण्यात होतं. पण त्यांच्यावर ढकलणं बरोबर नाही. त्यांनी मला गप्प केलं नाही. मला फक्त एवढं म्हणायचं होतं: साहेब, मी उभे केले, काल ते पडलेलेच होते. तोंड उघडलं. आवाज आला नाही. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. झाडणाऱ्या बाईला विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही.

जनरलसाहेब म्हणाले की आपल्या माणसांची काळजी वाटणं चांगलं, पण असेसमेंट काळजीने होत नाही. दुसऱ्या ऑफिसचा कागद त्यांनी वर ठेवला; प्लाटून चढवायची नाही असं ठरलं. दहा वाजून वीस मिनिटांनी गाडी गेटबाहेर पडली.

साडेदहाला मी मेजरसाहेबांच्या दारात गेले. त्या वर्षात पहिल्यांदा मी आपणहून बोलले. सगळं सांगितलं. ते एकदम उठले आणि बेगमपेटला विमानतळावर फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला तेव्हा जनरलसाहेब विमानाकडे आत गेले होते, निरोप देतो असं तिथला माणूस म्हणाला. मेजरसाहेबांनी रिसीव्हर ठेवला. मी रडत होते. ते म्हणाले, "तुम्ही रिवाजाप्रमाणे केलंत. मी कुलूप लावायला हवं होतं." मग खाली बघत म्हणाले, "मघाशी आत बोलला असतात, तर..."

त्यांनी दिल्लीला तीन पत्रं पाठवली. एकाचं उत्तर आलं, नोंद घेतली आहे असं. रोज सकाळी ते यादगिरींना खिंडीचं हवामान विचारत. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात यादगिरींनी सांगितलं, खिंड बंद झाली. मेजरसाहेब बरं म्हणाले आणि कामाला लागले. त्यानंतर मी रोज कॅलेंडर बघत असे. माझ्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

डिसेंबरात एका सोमवारी सकाळी नऊला फोन आला. मेजरसाहेब उभे राहून ऐकत होते. "हो. किती? नावं सांग." ते लिहीत गेले. पाण्याची पार्टी झऱ्यावर गेली होती. तिला सोडवायला दुसरी खाली उतरली. चौकी पडली नाही, उरलेल्यांनी ती धरून ठेवली. हेलिकॉप्टर तिसऱ्या दिवशी पोचलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी गौळीगुड्याहून एसटी धरून त्या नावांपैकी पहिल्या, नाईक व्यंकट जाधवांच्या गावी गेले. त्यांचं गाव माझ्या माहेरापासून सहा कोसांवर. त्यांच्या बायकोने विचारलं, "तुम्ही कुठल्या, बाई?" मी म्हणाले, मीही फौजीची विधवा, हैदराबादला ऑफिसात झाडलोट करते. तिने चहा केला. जवळ बसून माझा हात धरला. म्हणाली, "इतक्या लांबून आलात, दुसरं कोणी आलं नाही." मी सांगायला गेले होते. चहा पिऊन मी परत आले.

मेजरसाहेबांची बदली झाली तेव्हा मी त्यांच्याकडून गेलेल्या सहाजणांची ती यादी मराठीत लिहून मागितली. त्यांनी दिली, आणि ज्याच्याबद्दल जे आठवलं ते सांगितलं.

नाईक व्यंकट जाधव. पहिल्या पार्टीचे कमांडर. मुलगी तेव्हा चार महिन्यांची.

लान्स नाईक दत्ता शेळके. सोडवायला उतरलेल्या पार्टीत स्वतः नाव दिलं.

शिपाई बाबू कांबळे. कंपनीत सगळ्यांचे केस तोच कापायचा.

शिपाई शिवाजी मोरे. वायरलेसवर होता. शेवटपर्यंत बोलत राहिला.

शिपाई नारायण पवार. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं.

शिपाई रामा गिरी. वय एकोणीस. याच्याबद्दल मेजरसाहेबांनाही काही माहीत नव्हतं, तो नवा होता. त्याचं गाव यादीत आहे. तिथे मी अजून गेले नाही.